आप्पांच्या कपाळावर नेम

“इला, इला! आता हलू नको गो, शेवंतेऽऽ!”

हा आवाज शेवंतीच्या कानात अजून बिऱ्हाड करून आहे. काळाचौकीची चाळ, शनिवारची संध्याकाळ, आणि गच्चीवर लग्नाला वर्षही न झालेली शेवंती, दोन्ही हातांत टीव्हीच्या अँटेनाचा दांडा धरून उभी. खाली तिसऱ्या माळ्यावर आप्पांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या खोलीत अर्धी चाळ मांडीला मांडी लावून बसलेली. माळ्यावरचा तो पहिला टीव्ही. गिरणीच्या संपाआधी आप्पांनी केलेली शेवटची हौस. शिवडीकडून वारा सुटला की अँटेना मान फिरवी आणि पडद्यावर मुंग्यांची जत्रा भरे. मग तिचा नवरा चंद्रप्रकाश खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडे, “जरा दादराकडे! नाय, नाय, परत शिवडीकडे! इला, इला! हलू नको!”

दुसरं कुणी वर गेलं की एकच चूक करी. चित्र आलं का ते बघायला कठड्यावरून खाली डोकावे, हात हले, चित्र जाई. शेवंती डोकावत नसे. नवी सून, डोकावणार कुठे?

“हिच्या हाताक चित्र येता,” आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले. सासऱ्याने केलेलं ते पहिलं कौतुक. कौतुक मोठं चिवट असतं. एकदा गळ्यात पडलं की काढता येत नाही, काढलं तर उद्धट दिसतं. मग दर शनिवारी हाताचं पीठ धुऊन शेवंती गच्चीवर. चाळीने पिक्चर बघितले, शेवंतीने ऐकले. खिडक्याखिडक्यांतून वर येणारं नायिकेचं रडणं तिला पाठ होतं, नायिकेचं तोंड ठाऊक नव्हतं. दांडा धरून ती पुटपुटे:

वर वाऱ्यात मी उभी, खाली पडद्यावर रान
डोळे चाळीला दिले गं, माझ्या वाटणीला कान

त्यातला एक पिक्चर तिच्या आत काट्यासारखा राहिला. ‘पैलतीराचा दिवा’. खाडीकाठची एक बाई, नवरा गलबतावर गेलेला. ती रोज तिन्हीसांजेला काठावर दिवा ठेवते. अगदी शेवटी वल्ह्याचा आवाज येतो, चुबुक चुबुक. बाई विचारते, “कोण?” आणि नेमका तेव्हाच वारा फिरला, चंद्रप्रकाश ओरडला, “हलू नको!” आणि त्या ओरडण्याखाली उत्तर बुडालं. मग सगळी चाळ चिडीचूप. कुणीतरी नाक शिंकरलं. संपलं.

रात्री भात वाढताना शेवंतीने विचारलं, “शेवटी इलो काय तो?”

“कोण?”

“तिचो घोव.”

“पिक्चर संपलो, आता खयचो येता?” चंद्रप्रकाश म्हणाला, आणि कढी मागितली.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या विमलाने सांगितलं, “आला की गं! अशी मिठी मारतो, मी तर रडले.” सासूबाई म्हणाल्या, “कसलो येता! होडीत दुसरोच कोण होतो, निरोप घेऊन इल्लो.” त्या दोन उत्तरांच्या मधल्या पाण्यात शेवंती राहिली. मला बघायचा होता, असं ती कुणालाच म्हणाली नाही. एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं तोंड कुठून आणायचं?

आता बिऱ्हाड कांदिवलीला आहे, पूर्वेला, बाराव्या मजल्यावर. मुलगा सर्वेश मालाडला विम्याच्या ऑफिसात साहेब आहे, सून मानसी त्याहून मोठी साहेब, नात ऋतिका कॉलेजात. आप्पा दक्षिणेच्या भिंतीवर आहेत, जुन्या लाकडी चौकटीत, काचेमागे. फोटो जुन्या पद्धतीने वर खिळ्याला दोरीने टांगलेला, त्यामुळे आप्पा किंचित पुढे झुकलेले, खाली कोण काय करतंय ते बघितल्यासारखे.

त्यांच्यासमोरच्या भिंतीवर होम थिएटर बसलं, आणि घरातल्या रिमोटांची संख्या सातावर गेली. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, आवाजाच्या मोठ्या डब्याचा, पिक्चर आणणाऱ्या छोट्या डब्याचा, एसीचा, पंख्याचा, आणि एक कशाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण टाकायची कुणाची हिंमत नव्हती. प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर, कव्हरला रबरबँड. टीव्हीचा रिमोट चंद्रप्रकाशच्या मांडीखाली, आवाजाचा सर्वेशकडे, छोट्या डब्याचा ऋतिकाकडे, एसी मानसीचा. सगळे सुभेदार हजर असल्याशिवाय बातम्यासुद्धा लागत नसत. शेवंतीकडे एकही रिमोट नव्हता. तिच्याकडे सेलचं खातं होतं. सेल मेला की तो काढायचा, तळहातावर चोळायचा, दाताने हलका चावायचा, उलटासुलटा करून घालायचा आणि तरीही नाहीच झालं तर भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून द्यायचा. त्यामुळे त्या घरात टीव्ही चालू असला की वेळ थांबलेली असे.

सात रिमोटांचं राज्य, कुणा कुणाची ना ओळख
एक लावी गं उजेड, दुजा करितो काळोख

एका रविवारी सर्वेश एक चकाकती पेटी घेऊन आला. सोबत मालाडच्या दुकानातला केतन नावाचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत भक्ती.

“काका, हा रिमोट नाही,” केतन म्हणाला. “ही लाइफस्टाइल आहे. साती रिमोट ह्याच्या पोटात. ‘सिनेमा’ दाबा. टीव्ही ऑन, साउंड ऑन, बॉक्स ऑन, लाइट डिम. एकच बटण.”

“आणि कुणाच्या हातात राहणार?” चंद्रप्रकाशने मुद्द्याचं विचारलं.

“कुणाच्याही, काका. लोकशाही आहे.”

चंद्रप्रकाशचा चेहरा पडला. मांडीखालचं संस्थान गेलं होतं.

नवा रिमोट घरात जावयासारखा राहू लागला. बसायला स्वतःचा काळा पाट, त्यावर ठेवला की त्याचं चार्जिंग होई. पुसायला वेगळा मऊ रुमाल. कणकेच्या हाताने कुणी शिवायचं नाही. पहिल्या दिवशी केतनसमोर सगळं झकास चाललं. केतन लिफ्टने खाली पोचला असेल-नसेल, तोवर मानसीने यंत्रांच्या कोनाड्याचं दार लावलं.

ते दार म्हणजे मानसीच्या इंटिरियर डिझायनरचा जीव की प्राण. यंत्रं दिसता कामा नयेत, म्हणून त्याने टीव्हीशेजारच्या कोनाड्याला लाकडी पट्ट्यांचं दार केलं होतं. पट्ट्या वरच्या बाजूला उघडणाऱ्या, तिरक्या, सोफ्यावरून बघणाऱ्याला आतलं काही दिसू नये म्हणून. सोफ्यावरून धरलेल्या रिमोटलाही आतलं काही दिसेना. ‘सिनेमा’ दाबलं की टीव्ही उठे, बाकीचे झोपून राहत. पुन्हा दाबलं की टीव्ही झोपे.

“दार उघडं ठेवूया ना यार,” सर्वेश म्हणाला.

“डिझायनरने आपल्या हॉलचा फोटो टाकलाय पेजवर,” मानसी म्हणाली. “बंद दाराचा. आता उघडं ठेवलं तर काय अर्थ?”

केतनला फोन लागला. तो शांतपणे म्हणाला, “रिमोटमध्ये प्रॉब्लेम नाही, सर. तुमच्या घरात आहे.”

सर्वेश स्टुलावर चढून बघून आला. वरून चालत होतं. पण स्टुलावर उभं राहून पिक्चर कोण बघणार? शेवटी सगळे कंटाळले आणि सर्वेश म्हणाला, “आई, ठेव तो जागेवर.”

पाट आप्पांच्या फोटोखालच्या फळीवर होता. शेवंती पाठमोरी होऊन रिमोट ठेवायला गेली, अंगठा बटणावर पडला, आणि मागे सगळी यंत्रं एका दमात जागी झाली. खोलीभर तुतारी वाजली. चंद्रप्रकाश उभाच राहिला.

“आप्पा!” त्याने हात जोडले. “आप्पांनी केल्यानी!”

“काचेवरून फिरून जातंय, बाबा,” ऋतिका म्हणाली. ती आजोबांना बाबाच म्हणायची. “फोटो झुकलाय ना, त्यामुळे किरण वरून खाली जातो. सिंपल आहे.”

“काचेवरना कसो जाईत? आप्पा आसत ते,” चंद्रप्रकाश म्हणाला. “टीव्ही कुणी आणला पहिल्यांदा? त्यांनीच ना? मग!”

त्या दिवसापासून घराने रीत धरली. पिक्चर लावायचा तर पडद्याकडे पाठ करून आप्पांसमोर उभं राहायचं, त्यांच्या कपाळावर नेम धरायचा आणि सगळ्या यंत्रांचे दिवे लागेपर्यंत हात थिजवायचा. सर्वेशने करून बघितलं. पण लागलं का ते बघायला त्याने मान वळवली, हात हलला, आवाजाचा डबा बसला. मानसीने केलं, तिनेही वळून बघितलं. ऋतिकाने मोबाइलच्या सेल्फीत बघत केलं आणि मोबाइलच पाडला. चंद्रप्रकाश आप्पांच्या डोळ्यांत बघताच भावनाविवश झाला.

शेवंती वळली नाही. तिला वळायची सवयच नव्हती.

“आजीचा हात बघ!” ऋतिका म्हणाली. “आजी, तू रॉकस्टार आहेस.”

“हिच्या हाताक चित्र येता,” चंद्रप्रकाश अभिमानाने म्हणाला, आणि शेवंतीच्या गळ्यात काहीतरी जुनं पुन्हा पडलं.

दसऱ्याला थिएटरचं उद्घाटन ठरलं. सकाळी हत्यारांची पूजा झाली. पाटावर विळी, सर्वेशचा लॅपटॉप, ऋतिकाची कंपासपेटी, गाडीची किल्ली, मधोमध नवा रिमोट आणि त्याच्याभोवती सेवानिवृत्त सात. चंद्रप्रकाशने नव्या रिमोटला हळदकुंकू लावलं.

“बाबा, बटणांत नको ना पावडर!” मानसी कळवळली.

“पोटात सात जण घेऊन बसलो हा तो. ओटी नको भरूक?”

आप्पांना झेंडूची घसघशीत माळ आली. विमलालाही बोलावलं होतं, बोरिवलीहून आली ती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

“काय गं शेवंते, थिएटर बांधलंस म्हणे घरात! तिकीट कुठे फाडतेस?”

“ये गं. भजी तळतेय.”

आदल्या आठवड्यात शेवंतीने ऋतिकाला हळूच विचारलं होतं, “बघ गं, ‘पैलतीराचा दिवा’ मिळतो का तुझ्या त्या मोबाइलात.” मिळाला. कुणीतरी धुऊनपुसून नव्याने चढवला होता. ऋतिकाने जाहीर केलं, “आजीची फर्माईश!” आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजीला आप्पांची आठवण येते. शेवंतीने दुरुस्ती केली नाही. चार दिवस मात्र ती पोळ्या लाटताना मधेच थांबत होती. वल्हं ऐकू येत होतं तिला. आला का तो? या वेळी बघू. सोफ्याच्या कडेची जागा तिने मनात धरून ठेवली होती, स्वयंपाकघराजवळची, उठायला बरी.

पाच वाजता पडदे ओढले. विमला सोफ्याच्या कडेला, त्याच जागेवर, टेकली. “गुडघ्यांमुळे गं, इथूनच उठता येतं,” म्हणाली. शेवंतीने रिमोट उचलला. ती आप्पांसमोर उभी राहिली. माळेत आप्पांचं जेमतेम कपाळ मोकळं होतं, एका बाजूला कान, आणि खाली मिशीचा तुकडा. तिने कपाळावर नेम धरला, अंगठा दाबला, हात थिजवला.

“इला, इला!” चंद्रप्रकाश ओरडला. “हलू नको!”

सगळे दिवे लागले. शेवंती रिमोट ठेवायला वाकली.

“आई, थांब! काहीच ऐकू येत नाहीय, जरा वाढव,” सर्वेश म्हणाला.

तिने वाढवला. तेवढ्यात पडद्यावर वादळ आलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

“कमी कर, कमी कर! खालचे देशपांडे येतील वर!”

कमी केला. बाई बोलू लागली, पुटपुटल्यासारखी.

“आता वाढव ना, आई.”

नव्या थिएटरची ही खोडच होती. माणसं कुजबुजत आणि ढग गर्जत. “सिनेमॅटिक आहे, काकी,” असं केतनने सांगून ठेवलं होतं. मग शेवंती उभीच राहिली. वादळाला कमी, बाईला जास्त. गलबत सुटलं, कमी. बाईचं गाणं, जास्त.

“आई, भज्यांचं ताट इकडे दे ना... नाही नाही, तू नको हलू. ऋतिका, तू घे गं.”

“हीच ती बाई!” विमला म्हणाली. “केवढी गोरी होती! तेव्हा कुठे कळलं, आपला टीव्हीच काळा.”

“साडी बघ तिची,” मानसी म्हणाली. “असली हँडलूम आता मिळत नाही.”

गोरी होती? शेवंतीला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं तिने ती बाई सावळी धरली होती. आपल्यासारखी.

तिने समोर बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. काचेत काहीतरी हलत होतं. आप्पांच्या कपाळावर इवलीशी खाडी चमकत होती, उलटी, पैलतीर ऐलतीर झालेली, पण खाडीच. कानाजवळ एक ठिपका पेटला. दिवा! बाई मात्र नीट दिसेना, ती झेंडूंच्या मागे होती. शेवंतीने मान किंचित कलती केली, तसा नेम हलला.

“आई, आवाज वाढत नाहीय! हलू नको ना गं!”

ती सरळ झाली. बाई झेंडूत गेली.

दिवा लावते गं रोज, डोळे लाविते पाण्याला
चित्र राहिलं पाठीशी, झेंडू मला बघायला

हे तिने मनातच म्हटलं. पडद्यावरचं गाणं संपलं होतं. मग शांतता, आणि त्या शांततेत, पाच स्पीकरांतून, चारी भिंतींतून, तिच्या पाठीमागून आणि पोटातूनही: चुबुक. चुबुक.

“आता बघ,” विमला ऋतिकाला म्हणाली, “आता तो येतो बघ.”

“सांगू नका ना, विमलाआजी!”

“येणा-बिणा नाय,” चंद्रप्रकाश म्हणाला. “गप बघ. शेवंते, वाढव जरा. आणि हलू नको हां आता, शेवट इलो.”

काचेत एक काळी रेघ निघाली. होडी. आप्पांच्या मिशीखालून ती हळूहळू वर सरकू लागली. आत कुणीतरी होतं, उभं. खांदे होते. डोकं होतं. चेहरा आता उजेडात येणार, एवढ्यात होडी एका टपोऱ्या झेंडूच्या मागे गेली.

बाईने विचारलं, “कोण?”

शेवंतीने अंगठा सरकवला आणि चित्र थांबवायचं बटण दाबलं.

खोली गोठली. वल्हं अर्ध्यात थांबलं. सर्वेशचं भजं तोंडाशी थांबलं.

“काय झालं? हँग झालं?” मानसी म्हणाली.

“आई, परत दाब. कपाळावर धर.”

“माळ आडवी आली असेल. आप्पांची माळ जरा...”

“माळेक हात नको लावू!” चंद्रप्रकाश ओरडला. “शेवंते, हललंस काय तू?”

शेवंती वळली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती हातचं चित्र सोडून वळली होती, पण नजर तिने जमिनीवर ठेवली. पडद्याकडे चुकूनसुद्धा जाऊ दिली नाही, उष्टं व्हायला नको म्हणून. ती नवऱ्यासमोर आली. रिमोट पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

“उठा.”

“मी? मी खय उठू? माझ्या हाताक...”

“आप्पांसमोर उभे ऱ्हवा. कपाळावर धरा. मी सांगीपर्यंत हलू नका.”

तिच्या आवाजात असं काही होतं की चंद्रप्रकाश खरोखरच उठला. गुडघे कटकन वाजले. रिकाम्या झालेल्या जागेवर, ऐन मधोमध, त्याने उबवून ठेवलेल्या खळग्यात शेवंती बसली. पाय वर घेतले. डोळे अजून खालीच होते.

चंद्रप्रकाश फोटोसमोर, पडद्याकडे पाठ करून, हात लांब करून उभा राहिला. तसा तो जरा आप्पांसारखाच दिसत होता. मान वळवायची त्याला फार इच्छा झाली, पण आप्पा बघत होते. मग तो भिंतीलाच म्हणाला, “काय झालां गो? एवढो बघलेलो पिक्चर, एवढां काय त्यात?”

विमलाने तोंड उघडलं आणि, बहुधा जन्मात पहिल्यांदा, मिटलं.

शेवंतीने हळूच डोळे वर केले. थांबलेल्या पाण्यावर थांबलेली होडी, काठावर दिवा, आणि दिव्यामागे ती बाई. गोरी नव्हती ती फारशी.

“माका,” शेवंती म्हणाली, “तेव्हांपण बघूचो होतो.”